पंधराव्या वर्षी नकार, पुढे काय? अँडी रॉबर्टसनची पहिली पाच वर्षं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, थोडी काटछाट केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्यांचा भाचा 16 वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो, आणि त्याला अकॅडमीतून काढलं. कारण काय, तर अंगानं बारीक आहे. श्रोत्यानं विचारलं, "अँडी रॉबर्टसनलाही असंच काढलं होतं ना? त्याची गोष्ट एकदा नीट सांगाल का, म्हणजे पोराला ऐकवता येईल."

सांगतो. पण आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. "बघ, त्यालाही नाकारलं होतं, तरी तो जिंकला, तूही जिंकशील" अशी ही गोष्ट नाही. तसं सांगणं सोपं आहे, पण ते खरं नाही. नाकारलेली बहुतेक मुलं मोठ्या फुटबॉलमध्ये परत दिसत नाहीत. मला जास्त इंटरेस्टिंग प्रश्न वेगळा वाटतो. एका मोठ्या क्लबनं चूक केली, मग ती चूक दुरुस्त कशी झाली? कोणत्या गोष्टी जागेवर होत्या म्हणून हा मुलगा परत सापडला?

सेल्टिकनं का सोडलं?

अँडीचा जन्म 11 मार्च 1994 चा, गाव ग्लासगो. ग्लासगोमध्ये दोन प्रचंड मोठे क्लब आहेत, सेल्टिक आणि रेंजर्स. शहर जवळपास या दोघांत वाटलेलं आहे. अँडी सेल्टिकवाला. लहानपणीच सेल्टिकच्या अकॅडमीत गेला. म्हणजे ज्या क्लबसाठी घरात आरडाओरडा चालतो, त्याच क्लबचा शर्ट घालून सराव. आणि वयाच्या 15 व्या वर्षी त्याला सांगण्यात आलं की तू लहान पडतोस, आम्ही तुला पुढे ठेवत नाही.

आता जरा थांबून हे "लहान पडणं" समजून घेऊ, कारण सगळ्या प्रकरणाची चावी इथे आहे.

मुलग्यांमध्ये उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ सरासरी 14 च्या आसपास येतो. पण ही झाली सरासरी. कुणाचा तो 12 व्या वर्षी येऊन जातो, कुणाचा 15-16 पर्यंत येतच नाही. आता 14 वर्षांखालची टीम डोळ्यासमोर आणा. एका मुलाला मिसरूड फुटलीय, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही, आणि दोघं एकाच मैदानावर एकमेकांना खांदे मारतायत. पहिला जिंकणारच. पण तो चांगला फुटबॉलर आहे म्हणून जिंकतोय, की त्याचं शरीर दोन वर्षं पुढे आहे म्हणून? स्कोअरबोर्ड बघून हे कळत नाही.

आपल्या भाषेत बोलायचं तर कोच मोजतोय एक गोष्ट आणि त्याला हवी आहे दुसरी. त्याला माहिती हवी आहे की हा मुलगा 22 व्या वर्षी कसा खेळेल. हातात आकडा आहे तो आज तो किती ताकदवान आहे याचा. दोन्हींचा संबंध आहे, पण सैल. कुठलाही फिल्टर लावला की दोन प्रकारच्या चुका होतात. नको ते आत येतं आणि हवं ते बाहेर राहतं. आत आलेली चूक दोन वर्षांत दिसते, कारण तो खेळाडू तुमच्या डोळ्यांसमोर असतो. बाहेर राहिलेली चूक दिसतच नाही. तो मुलगा कुठल्यातरी ऑफिसात नोकरी करत असतो आणि तुमच्या रेकॉर्डमध्ये फिल्टर उत्तम चाललेला असतो!

अलीकडे यावर एक उपाय निघालाय, त्याला बायो-बँडिंग म्हणतात. मुलांना जन्मवर्षानुसार न विभागता, अंदाजे अंतिम उंचीच्या किती टक्के उंची त्यांनी आत्ता गाठली आहे त्यावरून गट करायचे. इंग्लंडमधल्या अकॅडम्यांनी हे करून पाहिलंय. म्हणजे प्रश्न खरा आहे हे आता सगळ्यांनाच मान्य आहे.

आणि अँडीची आजची उंची माहितीये किती? 178 सेंटीमीटर, पाच फूट दहा. लेफ्ट-बॅकसाठी अगदी नॉर्मल. म्हणजे मुलगा "लहान" नव्हता, उशिरा वाढणारा होता. सेल्टिकनं वाट पाहिली नाही, इतकंच.

क्वीन्स पार्क: पैसे न देणारा क्लब

आता गोष्टीतलं मला सगळ्यात आवडणारं पात्र येतं, आणि ते माणूस नाही, एक क्लब आहे.

ग्लासगोतच क्वीन्स पार्क नावाचा क्लब आहे. 1867 साली सुरू झालेला, स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना क्लब. जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच 30 नोव्हेंबर 1872 ला झाली, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, 0-0. त्या दिवशी स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. या क्लबनं स्कॉटिश कप 10 वेळा जिंकलाय. अर्थात हे सगळं एकोणिसाव्या शतकात.

मग पुढे काय झालं? फुटबॉलमध्ये पगार आला. बाकीचे क्लब प्रोफेशनल झाले आणि क्वीन्स पार्क म्हणाले, आम्ही नाही. त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे, अर्थ असा की खेळण्यासाठी खेळायचं. शंभराहून जास्त वर्षं प्रोफेशनल लीगमध्ये, पगारी खेळाडूंविरुद्ध, हे लोक बिनपगारी खेळले. येण्याजाण्याचा खर्च मिळायचा, पगार नाही. सर अलेक्स फर्ग्युसनही खेळाडू म्हणून इथूनच सुरू झाले.

आता बिनपगारी क्लबला खेळाडू कुठून मिळणार? दोन प्रकारचे. एक, ज्यांची दुसरी नोकरी आहे आणि फुटबॉल आवडतो. दोन, ज्यांना मोठ्या क्लबनं सोडलंय आणि ज्यांना खेळायला कुठेतरी जागा हवी आहे. ग्लासगोमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स दरवर्षी पोरं सोडणार, आणि त्याच शहरात एक क्लब अशा पोरांना उभं करणार. ही काही कुणी मुद्दाम आखलेली योजना नव्हती. पण परिणाम असा झाला की चाळणीखाली दुसरं भांडं ठेवलेलं होतं. खाली पडलेलं सगळंच वाया जात नव्हतं.

2009 मध्ये अँडी या क्लबच्या युथ टीममध्ये गेला. तीन वर्षं तिथे वाढला. उंचीही आली.

2012: सगळ्यात कोरडं वर्ष

2012 च्या उन्हाळ्यात शाळा संपली. वय 18. घरच्यांशी ठरलं की एक वर्ष फुटबॉलला द्यायचं, जमलं तर ठीक, नाहीतर युनिव्हर्सिटी. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. "स्वप्नासाठी सगळं सोडलं" असला प्रकार नव्हता. तारीख ठरलेली होती, दुसरा रस्ता उघडा ठेवलेला होता.

प्रशिक्षक गार्डनर स्पीयर्स यांनी त्याला सीनियर टीममध्ये घेतलं. पण पगार शून्य. त्या ऑगस्टमध्ये त्यानं एक ट्वीट केलं, जे आता जगप्रसिद्ध आहे. मतितार्थ असा की या वयात खिशात पैसे नसले की जगण्यात मजा नाही, आणि खाली हॅशटॅग, नोकरी पाहिजे. लिव्हरपूलचा स्टार झाल्यावर लोकांनी ते शोधून काढलं. आज वाचताना हसू येतं, पण ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते पाचशे विनोदांमधला एक विनोद नव्हता. कॉलेजमधले मित्र पहिला पगार घेतायत आणि आपण घरून पैसे मागतोय, ही भावना आपल्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीची असेल.

त्यानं कामं केली. मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानात काम केलं. आणि हॅम्पडेन पार्कमध्ये फोन उचलण्याचं काम केलं, तिकिटांची चौकशी करणाऱ्या लोकांचे.

हॅम्पडेन पार्क म्हणजे स्कॉटलंडचं राष्ट्रीय स्टेडियम, 50 हजारांवर लोक बसतात. आणि गंमत बघा, तेव्हा हे स्टेडियम क्वीन्स पार्कच्याच मालकीचं होतं! देशाचं राष्ट्रीय मैदान देशातल्या एकमेव बिनपगारी लीग क्लबचं. म्हणजे अँडी आठवडाभर त्या इमारतीत फोन उचलायचा आणि शनिवारी त्याच इमारतीतल्या गवतावर खेळायचा, समोर 50 हजार खुर्च्या आणि त्यात काही शे माणसं.

बरं, लीग कुठली? स्कॉटलंडमध्ये तेव्हा चार पातळ्या होत्या. वर 12 क्लबांची प्रीमियर लीग, खाली 10-10 क्लबांच्या तीन डिव्हिजन. क्वीन्स पार्क चौथ्या, म्हणजे तळाच्या पातळीवर. या पातळीवर समोर कोण असतं? दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करणारे तिशीतले पुरुष, ज्यांना 18 वर्षांच्या पोराला कोपर कसं मारायचं हे नीट माहीत असतं. अकॅडमीच्या हिरवळीवर समवयस्कांशी खेळण्यापेक्षा हे शिक्षण फार वेगळं. इथे "बारीक आहे" हा मुद्दा दर शनिवारी तपासला जातो, कागदावर नाही, अंगावर.

आणि नेमक्या त्याच वर्षी एक विचित्र योगायोग झाला. रेंजर्सचं आर्थिक दिवाळं निघालं. जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली आणि नव्या कंपनीखाली रेंजर्सला थेट तळाच्या डिव्हिजनमधून सुरुवात करावी लागली. म्हणजे एरवी काही शे लोकांसमोर खेळणारी क्वीन्स पार्कची टीम त्या सीझनमध्ये रेंजर्सशी खेळत होती. डिसेंबर 2012 मधल्या हॅम्पडेनवरच्या मॅचला 30 हजारांहून जास्त लोक आले. रेंजर्स जिंकले, पण फक्त 1-0 नं. त्या वर्षी चौथ्या डिव्हिजनकडे एरवी न बघणारेही बघत होते. क्वीन्स पार्क तिसऱ्या नंबरवर आले. सगळ्या स्पर्धा मिळून अँडी 40 मॅच खेळला.

हे नशीब नाही असं मी म्हणणार नाही. नशीबच आहे. पण नशीब आलं तेव्हा तो मैदानावर होता, घरी नव्हता.

एका वर्षात तीन पायऱ्या

जून 2013 मध्ये डंडी युनायटेडनं त्याला घेतलं. हा पहिल्या पातळीचा क्लब. म्हणजे चौथीतून एकदम पहिलीत. मॅनेजर होते जॅकी मॅकनमारा, आणि त्यांची टीम तरुणांची होती. रायन गॉल्ड, जॉन सूटर, स्टुअर्ट आर्मस्ट्राँग, गॅरी मॅके-स्टीव्हन. इथे क्लबची निवड किती महत्त्वाची असते ते दिसतं. ज्या क्लबला तरुणांवर भरवसा ठेवायची सवय आहे, तिथे 19 वर्षांचा नवखा लेफ्ट-बॅक बाकावर बसून राहत नाही. अँडी त्या सीझनमध्ये लीगच्या 38 पैकी 36 मॅच खेळला.

टीम चौथी आली आणि स्कॉटिश कपच्या फायनलला पोचली. फायनल सेंट जॉनस्टनविरुद्ध 2-0 अशी हरली. ती मॅच कुठे झाली? सेल्टिक पार्कवर. ज्या क्लबनं सोडलं त्याच्याच मैदानावर. वर्षाच्या शेवटी खेळाडूंच्या संघटनेनं त्याला स्कॉटलंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरवलं.

त्याआधीच, 5 मार्च 2014 ला, गॉर्डन स्ट्रॅकन यांनी त्याला पोलंडविरुद्ध राष्ट्रीय टीममधून उतरवलं. वय 19, विसाव्याला सहा दिवस बाकी. आदल्या मार्चमध्ये हाच मुलगा चौथ्या डिव्हिजनमध्ये फुकट खेळत होता.

जुलै 2014 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या हल सिटीनं त्याला 28.5 लाख पौंडांना विकत घेतलं. त्याच दिवशी हलनं आणखी एक डिफेंडर घेतला, हॅरी मॅग्वायर. दोघांची नावं पुढे काय झाली ते तुम्हाला माहीत आहे.

इथे पैशांचा छोटा हिशेब सांगतो, कारण कुणी सहसा सांगत नाही. खेळाडू एका देशाच्या असोसिएशनमधून दुसऱ्या असोसिएशनमध्ये विकला गेला की फिफाच्या नियमानुसार फीच्या 5 टक्के रक्कम त्याला 12 ते 23 या वयात वाढवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायची असते. 12 ते 15 या वर्षांसाठी दर वर्षी पाव टक्का, 16 ते 23 साठी दर वर्षी अर्धा टक्का. फुटबॉलमध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड वेगळे देश. 28.5 लाखांचे 5 टक्के म्हणजे 1,42,500 पौंड. मोठ्या क्लबला हे काहीच नाही, पण तळाच्या क्लबला अर्ध्या टक्क्याचंही मोल असतं. खालची पायरी टिकवायची असेल तर वरून खाली पैसे झिरपायला हवेत, त्याची ही एक सोय.

हल: वर-खाली-वर-खाली

लोक गोष्ट सांगताना इथून थेट लिव्हरपूलवर उडी मारतात. मधली तीन वर्षं गाळली जातात. ती फार काही चमकदार नव्हती.

स्टीव्ह ब्रूस मॅनेजर असताना हल 2015 मध्ये खालच्या लीगमध्ये घसरले. 2016 मध्ये वेम्ब्लीच्या प्लेऑफ फायनलमध्ये शेफील्ड वेन्सडेला 1-0 हरवून परत वर आले. 2017 मध्ये पुन्हा घसरले. तीन सीझन, दोन रेलिगेशन. रिझ्युमे म्हणून बघाल तर काही खास नाही.

पण हरणाऱ्या टीमच्या लेफ्ट-बॅकला काय मिळतं? काम. बॉल सतत त्याच्या बाजूला येतो. जगातले चांगले विंगर दर आठवड्याला अंगावर येतात. आणि तरी संधी मिळाली की पळत वर जाऊन क्रॉस टाकायचा, आणि पुन्हा पळत मागे. आधुनिक फुल-बॅकचं काम हेच आहे, 90 मिनिटं येरझाऱ्या. त्याला उंचीपेक्षा फुप्फुसं लागतात. ज्या कारणासाठी त्याला 15 व्या वर्षी काढलं, ते कारण त्याच्या अंतिम जागेसाठी फारसं लागूच नव्हतं.

21 जुलै 2017 ला लिव्हरपूलनं त्याला 80 लाख पौंडांना घेतलं, अटी पूर्ण झाल्यास आणखी थोडे. त्या बाजारात ही रक्कम किरकोळ होती. आणि तिथेही लगेच जागा मिळाली नाही. पहिले काही महिने अल्बर्टो मोरेनो खेळत होता. डिसेंबरमध्ये मोरेनोला दुखापत झाली आणि अँडी आत आला. 14 जानेवारी 2018, मँचेस्टर सिटीविरुद्धची 4-3 ची मॅच. त्यात एकदा तो एकटाच बॉलमागे सुटला, एका सिटी खेळाडूकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, थेट त्यांच्या गोलकीपरपर्यंत. ॲनफिल्ड उभं राहिलं. तो क्लिप बघितला नसेल तर आज बघा. सप्टेंबर 2018 मध्ये तो स्कॉटलंडचा कॅप्टन झाला, जून 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग हातात होती.

मग भाच्याला काय सांगायचं?

आता मूळ प्रश्नाकडे. मी याला "मेहनतीचं फळ" म्हणून गुंडाळणार नाही. मेहनत तर अकॅडमीतून निघालेली सगळीच मुलं करतात. फरक कुठे पडला ते मोजून बघा.

एक, नाकारल्यावर लगेच खेळायला दुसरी जागा होती, त्याच शहरात. दोन, त्या जागी समोर मोठी माणसं होती, त्यामुळे "बारीक आहे" हे खरं की खोटं ते मैदानावर कळलं. तीन, खालची लीग आणि वरची लीग एकाच शिडीवर होती, त्यामुळे वरचे लोक खाली बघत होते. चार, घरच्यांनी एक वर्ष दिलं, आणि त्या वर्षाला शेवटही ठेवला. आणि पाच, जे कुणाच्याच हातात नसतं, योग.

पहिल्या चार गोष्टींमध्ये मुलाच्या जिद्दीचा उल्लेखच नाही, हे लक्षात आलं का? त्या सगळ्या भोवतालच्या गोष्टी आहेत. म्हणून भाच्याला "हार मानू नकोस" सांगण्याआधी मामानं बघायचं ते हे: त्याला दर आठवड्याला पूर्ण 90 मिनिटं कुठे खेळायला मिळेल? मोठ्या नावाच्या क्लबच्या बाकापेक्षा छोट्या क्लबचं मैदान बरं. समोर त्याच्यापेक्षा मोठे खेळाडू आहेत का? त्याची उंची अजून वाढतेय का? आणि अभ्यासाचा रस्ता उघडा ठेवून किती काळ द्यायचा, ते आत्ताच एकत्र बसून ठरवलंय का? जमलं तर उत्तम. नाही जमलं तरी त्याला कळलेलं असेल की आपली परीक्षा खरोखर झाली, कुणीतरी नुसतं बघून पेपर परत दिला नाही.

जाता जाता. क्वीन्स पार्कच्या सभासदांनी नोव्हेंबर 2019 मध्ये मतदान करून 152 वर्षांची बिनपगारी परंपरा संपवली. हॅम्पडेनही 2020 मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननं विकत घेतलं. वाईट वाटतं, पण त्यांची अडचण समजते. ज्याच्याशी करार नाही तो खेळाडू घडवायचा तुम्ही आणि न्यायचा दुसऱ्यानं, हे किती दिवस चालणार?

आणि 2012-13 च्या त्या टीममध्ये अँडीबरोबर आणखी एक मुलगा होता, लॉरेन्स शँकलंड, स्ट्रायकर. त्याचा रस्ता अँडीपेक्षा बराच लांबचा. ॲबर्डीन, मग एकामागून एक क्लबांना उसना दिलेला, मग एअर युनायटेड, डंडी युनायटेड, बेल्जियम, हार्ट्स. राष्ट्रीय टीममध्ये यायला त्याला 2019 उजाडलं. 18 नोव्हेंबर 2025 ला स्कॉटलंडनं हॅम्पडेनवर डेन्मार्कला 4-2 हरवलं आणि 1998 नंतर पहिल्यांदा पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये जागा मिळवली. त्या रात्री कॅप्टन होता रॉबर्टसन. स्कॉटलंडचा दुसरा गोल मारला शँकलंडनं. तेरा वर्षांपूर्वी दोघं याच मैदानावर फुकट खेळायचे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, सुटलेलं आणि पुन्हा सापडलेलं किंवा न सापडलेलंही, तर नक्की कळवा. न सापडलेल्यांच्या गोष्टी मला जास्त हव्या आहेत, कारण त्या कुणी सांगत नाही. भेटू पुढच्या भागात.